सध्या काय करता?

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला एक प्रश्न दिवसभर विचारावा लागे. नाव, जात, शिक्षण, जन्मतारीख झाली की पुढे, "सध्या काय करता?" भाऊसाहेब 1985 साली या खात्यात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि 2020 साली निवृत्त झाले. ('भाऊसाहेब' हे त्यांचं नाव नव्हे. मराठवाड्यात बदली झाल्यावर खिडकीबाहेरच्या लोकांनी दिलेली ही पदवी. ती पुढे सगळीकडे चिकटली.) या पस्तीस वर्षांत "मी बेकार आहे" असं सरळ सांगणारा माणूस त्यांना क्वचितच भेटला. रांग मात्र बेकारांचीच होती.

याचा दोष ते आपल्या भाषेला देतात. मराठीत हा शब्द फार वाईट संगतीला लागलाय. सिनेमा बेकार असतो, भाजी बेकार होते, रस्ता बेकार असतो. मग माणसाने तो स्वतःला कसा लावून घ्यायचा? म्हणून रांगेतला प्रत्येकजण वळसा घालून बोले. "शेती बघतो." "कारखान्याला जातो." "ब्रेक मिळालाय." "तयारी करतोय." "घरीच असते." भाऊसाहेब ही उत्तरं खिशातल्या डायरीत टिपून ठेवत, सुरुवातीला निव्वळ गंमत म्हणून. पुढे खात्याच्या परीक्षेसाठी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडावं लागलं, तेव्हा लक्षात आलं की पुस्तकातले बेकारीचे सगळे प्रकार आपल्या डायरीत आधीच आहेत, फक्त पुस्तकातल्या नावांनी नाहीत. ताप आला म्हणून कुणी एकच औषध देत नाही; मलेरियाचा ताप वेगळा, टायफॉइडचा वेगळा. बेकारीचंही तसंच आहे, आणि तो फरक उत्तर देणाऱ्याच्या वाक्यात सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

डायरीतलं पहिलं उत्तर मात्र खिडकीतलं नव्हतं, घरचं होतं. "संपावर आहे."

वडील परळच्या एका गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. मूळ गाव संगमेश्वरकडचं. मुंबईला आले आणि सात वर्षं 'बदली' म्हणून राबले. बदली कामगाराचं काम असं: पाळी भरायच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या साच्यावर जायचं. सगळे आले तर आल्या पावली खोलीवर. महिन्याला किती दिवस भरतील हे दुसऱ्याच्या आजारपणावर आणि गावाकडच्या लग्नकार्यांवर ठरायचं. पुस्तकात याला अर्धबेकारी म्हणतात. चाळीतल्या बायका म्हणत, "यांचा आज नंबर लागला नाही." 1978 च्या सुमारास वडील कायम झाले. तेव्हा घरात पेढे आले होते, हे भाऊसाहेबांना नीट आठवतं, कारण त्यातले दोन त्यांनी चोरून खाल्ले होते.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करायचं होतं, आणि 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा एकाच संघटनेला बोलणी करायचा हक्क देत होता, तो मोडीत काढायचा होता. दिवाळीच्या बोनसवरून पेटलेली ठिणगी इथवर आली होती. पुढे संप फसला, गिरण्या बंद पडत गेल्या, ते सगळ्यांना माहीत आहे. पण एक बारीक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही: हा संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. त्यामुळे वडिलांच्या लेखी तो चालूच राहिला. 1985 मध्ये कुणी विचारलं तरी "संपावर आहे", 1990 मध्ये विचारलं तरी तेच. रेशनकार्डावरच्या व्यवसायाच्या रकान्यात 'गिरणी कामगार' होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत बदलू दिलं नाही.

साच्यांच्या गोंगाटात आयुष्य काढलेली माणसं मोठ्याने बोलतात आणि हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही. संप लांबला तसं घरात सगळे हळू बोलू लागले: दूधवाल्याचं किती झालं, वाण्याने उधारी बंद केली का, आईने पितळेची कळशी मोडीत घातली ते यांना सांगायचं की नाही. वडिलांना यातलं काही ऐकू यायचं नाही. ते खाटेवर बसून मोठ्या आवाजात भाऊसाहेबांना विचारत, "कॉलेजला गेला नाहीस?"

नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात भाऊसाहेबांनी ऑफिसातून एक कोरा फॉर्म घरी आणला. वडिलांच्या नावाने नोंदणीचं कार्ड काढावं, कुठे वॉचमनची जागा निघाली तर नाव पाठवता येईल, असा साधा विचार. वडिलांनी फॉर्म हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"हे बेकारांचं हापीस ना? मग मला कशाला? मी संपावर आहे."

अर्थशास्त्र याला संरचनात्मक बेकारी म्हणतं. म्हणजे मंदी येऊन गेली तरी काम परत येत नाही, कारण कामाची जागाच बदललेली असते. मुंबईतल्या गिरण्यांची यंत्रं जुनी झाली होती. मालकांपैकी अनेकांनी नफा त्याच धंद्यात घालायचं कधीच थांबवलं होतं. कापड विणायचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं होतं. तिथे मजुरी कमी, आणि गिरणीला लागू असलेले कायदे पत्र्याच्या शेडमध्ये फारसे पोचत नसत. संपाने गिरण्या मारल्या असं म्हणणारे आजही भेटतात. संपाने घाई केली हे भाऊसाहेबांना मान्य आहे. पण 1982 साली संप झाला नसता तर त्यांचे वडील निवृत्त होईपर्यंत साचा चालवत राहिले असते, यावर त्यांचा विश्वास नाही. 1983 मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार हाती घेतला, त्याही पुढे चालल्या नाहीत. गिरणीच्या जमिनीचा भाव गिरणीतल्या कापडाच्या भावाच्या पुढे निघून गेला होता. तुटलेला धागा न बघता जोडणाऱ्या बोटांना शहरात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

भाऊसाहेब ज्या खात्यात शिरले ते खातंही एका वेगळ्या बेकारीतून जन्मलेलं. दुसरं महायुद्ध संपताना फौजेतून लाखो जवान सुटणार होते; त्यांना कामाला लावण्यासाठी 1945 मध्ये या कचेऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. मग त्या सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. 1959 च्या कायद्याने सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापना यांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं. कळवणं, बरं का. कार्डधारकाला घेणं बंधनकारक नव्हतं. लोकांना हे कधीच पटलं नाही. कार्ड काढलं म्हणजे नोकरी सरकारच्या अंगावर, असा समज होता, आणि तीन-तीन वर्षांनी नूतनीकरणाला येणारी माणसं खिडकीतल्या कारकुनाकडे पैसे बुडवलेल्या सावकाराकडे पाहावं तशी पाहत.

त्याच कायद्यात अपवादांचं एक कलम होतं. खाजगी शेतीतली मजुरी, घरकाम, तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीचं काम या जागा कळवायची गरज नव्हती. मुंबईत असताना भाऊसाहेबांना या कलमात काही विशेष दिसलं नव्हतं.

ते दिसलं 1993 नंतर, मराठवाड्यात बदली झाल्यावर. दसरा उलटला की खिडकी ओस पडायची. आधी त्यांना वाटलं, सणाचे दिवस आहेत. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी रांग नाही. शिपायाने सांगितलं, "भाऊसाहेब, लोक कारखान्याला गेले. आता पट्टा पडल्यावर येतील." पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपणं. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या बाजूची गावंच्या गावं तेव्हा रिकामी होत. घरी म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुलपं. बाकी सगळे ऊसतोडीला, म्हणजे त्या कलमातल्या शेतमजुरीला.

ऊसतोडीच्या मुकादमाच्या वहीत माणसं नसतात, कोयते असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. पावसाळ्यात हाताला काम नसतं तेव्हा मुकादम उचल देतो. ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायची. एखादा दिवस आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपतो तेव्हा बहुतेकांच्या अंगावर काहीतरी शिल्लक राहिलेलंच असतं, म्हणजे पुढच्या वर्षीचा मुकादम ठरला. याला हंगामी बेकारी म्हणायची. कारण उघड आहे: कोरडवाहू जमिनीवर एक पीक, पाणी नाही, जवळपास कारखानदारी नाही, आणि पाणी, ऊस, कारखाना हे सगळं दोन-तीनशे किलोमीटर दूर पश्चिमेला. भाऊसाहेबांना मात्र प्रश्न पडायचा की हे लोक सहा महिने बेकार असतात आणि सहा महिने कामावर, की बाराही महिने त्या उचलीच्या कामावर? हिशेब मांडायला बसलं की त्यांचं उत्तर दर वेळी बदलायचं.

एक प्रसंग ते अजून सांगतात. एप्रिलची दुपार होती. आयटीआयमधून वायरमन झालेला एक पोरगा खिडकीशी आला आणि त्याने एक पाकीट पुढे केलं. एक्स्चेंजचंच कॉल लेटर होतं. एका सरकारी आस्थापनेत वायरमनच्या जागा निघाल्या होत्या, ज्येष्ठतेने त्याचं नाव गेलं होतं, मुलाखतीची तारीख होती जानेवारीतली. पाकिटावर हळद-कुंकवाची बोटं उमटलेली होती.

"आम्ही सगळे कारखान्यावर होतो, भाऊसाहेब. आजी एकटीच घरी. तिला वाचता येत नाही. सरकारी शिक्का बघितला अन् तिनं देवळीत ठेवून दिलं. मी आलो तेव्हा म्हणाली, बघ, तुझं चांगलं झालं."

त्या मुलाच्या कार्डावर 'कॉलला गैरहजर' असा शेरा पडलेला होता. अक्षर भाऊसाहेबांचंच. त्यांनी वरिष्ठांकडे टिपण नेलं. वरिष्ठ म्हणाले, मुलाखत होऊन गेली, जागा भरली, आता काय करणार? खरंच करण्यासारखं काही नव्हतं.

जागा आहे, त्या जागेला लायक माणूसही आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. पुस्तकात याला कुणी घर्षणजन्य बेकारी म्हणतं, कुणी संघर्षजन्य. एक नोकरी सोडून दुसरी शोधताना मधे जे रिकामे दिवस जातात ते याच खात्यावर टाकतात, आणि बहुतेक पुस्तकं हा प्रकार सौम्य, तात्पुरता, जवळजवळ निरुपद्रवी म्हणून एका परिच्छेदात संपवतात. कोल्हापूरच्या उसाच्या फडात असताना मराठवाड्यातल्या देवळीत निघून गेलेली नोकरी त्यात बसते की नाही, कोण जाणे. त्या दिवसानंतर भाऊसाहेब खिडकीत एक जादा प्रश्न विचारू लागले: "दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत कुठे असता?" उत्तर ते कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहीत. नियमात तसं काही नव्हतं, म्हणून पेन्सिल.

त्या कार्यालयातला शिपाई त्यांच्याहून वयाने बराच मोठा होता. 1972 च्या दुष्काळात तो विशीतला पोरगा; रस्त्याच्या कामावर त्याने खडी फोडली होती. कामावर सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेची लाल मिलो. "तेव्हा तुम्ही बेकार होतात की काय?" असं भाऊसाहेबांनी एकदा सहज विचारलं. तो म्हणाला, "बेकार कशाचे? दुष्काळ होता."

त्याच दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली. कल्पना वि. स. पागे यांची, 1965 साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला होता. मागेल त्याला काम, नाही दिलं तर भत्ता. 1977 मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला आणि 2005 मध्ये केंद्राने याच धर्तीवर देशासाठी शंभर दिवसांचा कायदा केला. पैसा कुठून आला हा भाग भाऊसाहेबांना विशेष आवडतो. 1975 पासून राज्यातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला, तो या हमीसाठी. ठरावीक पगाराच्या वर असलेल्याच्या पगारपत्रकातून आजही दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये जातात, ते याच नावाने. कापले जाताना सगळे कुरकुरतात; ते कुठल्या नाल्याच्या बांधासाठी गेले हे दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. एक्स्चेंजच्या रजिस्टरने जे लोक कधी पाहिलेच नाहीत त्यांना हमीच्या मस्टरने निदान मोजलं, असं त्यांचं मत आहे. मस्टरमध्ये खोटी नावंही घुसली, तेही त्यांनी पाहिलंय.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एक्स्चेंजकडून नावं मागवणं पुरेसं नाही, वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी. निकाल न्याय्य होता. कार्ड नसलेल्यालाही संधी मिळायला हवी. पण त्यानंतर कार्डाची किंमत उतरत गेली आणि खिडकीतल्या माणसाचीही. कार्यालयाच्या पाटीवर आधी 'मार्गदर्शन' हा शब्द आला, मग 'स्वयंरोजगार', मग 'कौशल्य', शेवटी नोंदणी ऑनलाइन झाली. भाऊसाहेब तोवर पुण्यात बदलून आले होते. आता लोक नोकरी मागायला येत नसत, पासवर्ड विसरला म्हणून येत.

पुण्यातली दोन उत्तरं. पहिलं चाकण, भोसरीकडच्या पोरांचं: "ब्रेक मिळालाय." तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की कामगाराच्या पदरी काही हक्क पडत. म्हणून टेम्पररी मुलाला सात महिने झाले की ब्रेक द्यायचा, मग पुन्हा घ्यायचं, नाहीतर त्याच्या जागी त्याच्या गावचाच दुसरा. 2019 मध्ये वाहन उद्योगाला मंदी आली, त्या ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या तुलनेत 30 टक्क्यांहून जास्त घसरली, कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर लावले. तेव्हा ब्रेकवर गेलेली पोरं लवकर परत आली नाहीत. ही चक्रीय बेकारी; बाजार सावरला की ओसरते. पण चक्र खाली जाताना पहिला कोण पडणार, हे 240 च्या आकड्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

दुसरं उत्तर बायकांचं. "काही नाही, घरीच असते." एका बाईंचं डी.एड. झालेलं होतं. राज्यात डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं तेव्हा वडिलांनी शेत गहाण टाकून शिकवलं. मग 2011 ची पटपडताळणी झाली, कागदावरची खोटी मुलं उघडी पडली, शिक्षक जास्त ठरले आणि भरती थांबली. चूक कुणाची आणि बसलं कुणाला! बाई काही वर्षं नूतनीकरणाला येत राहिल्या, मग येईनाशा झाल्या. ज्या दिवशी त्यांनी काम शोधणं सोडलं आणि कामाला तयार असल्याचं सांगणंही सोडलं त्या दिवशी त्या सरकारी व्याख्येनुसार बेकार राहिल्या नाहीत. जो काम शोधतो किंवा कामाला तयार आहे असं सांगतो तोच बेकार. शोधून थकून "घरीच असते" म्हणणारीला त्या आकड्यात जागा नाही.

व्याख्येचा विषय निघालाच आहे म्हणून. श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्याभरात कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असेल तर माणूस रोजगारात धरतात. ही काही आपल्या सरकारची लबाडी नाही. जगभर तसंच मोजतात. पण ज्या देशात घरच्या म्हशीला वैरण टाकणारा पदवीधरही त्या एका तासात बसतो तिथे बेकारीचा आकडा लहान निघणारच. 2017-18 च्या सर्वेक्षणात, वर्षभराच्या स्थितीच्या मोजणीने, तो 6.1 टक्के आला तर केवढा गहजब झाला. 2023-24 मध्ये 3.2 टक्के आला. पंधरा ते एकोणतीस वयाच्या मुलांत मात्र त्याच वर्षी तो दहा टक्क्यांच्या वर होता.

त्या दहा टक्क्यांतला एक भाऊसाहेबांच्या घरचा, बहिणीचा मुलगा. बी.एस्सी. झालेला, पुण्यात नवी पेठेत खोली, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी शास्त्री रस्त्याच्या बाजूला अभ्यासिकेत महिन्याच्या भाड्याने घेतलेली एक खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर त्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, उन्हाने अक्षरं पुसट झालेली. भाऊसाहेबांनी ती पाहिली तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. "मामा, तयारी चांगली चाललीये," तो म्हणाला. दोनदा पूर्व निघाली होती, एकदा मुख्य थोडक्यात गेली होती. मार्च 2021 मध्ये पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलली तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या मुलांत तोही होता. 2023 मध्ये त्याने तलाठी भरतीचाही फॉर्म भरला. जागा 4,644, अर्ज दहा लाखांवर, फी खुल्या गटाला हजार रुपये.

सुशिक्षित बेकारीची कारणं विचारली की लोक शिक्षणपद्धतीकडे बोट दाखवतात. ते खरंही आहे. एक्स्चेंजच्या कार्डावर प्रत्येक धंद्याला एक क्रमांक असे: सुताराला वेगळा, फिटरला वेगळा. ज्याला शिक्षण आहे पण कसलंच काम येत नाही अशा नवख्याचा क्रमांक 'एक्स'ने सुरू होई. पदवीधरांची कार्डं जवळजवळ सगळी त्या एक्सच्या कप्प्यात जात. तो कप्पा दर दोन वर्षांनी मोठा करावा लागे. पण भाच्याच्या बाबतीत भाऊसाहेबांना आणखी एक गोष्ट दिसते. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा 2016 मध्ये खुल्या गटासाठी 33 वरून 38 केली. मागणी मुलांचीच होती, सरकारने मोठ्या मनाने मान्य केली. परिणाम असा की थांबायचा दिवस पाच वर्षं पुढे गेला. 'तयारी' ही एकच बेकारी अशी आहे की तिच्यात माणूस दिवसाचे बारा तास राबतो. आईबाप पैसे पाठवतात, गावात मान असतो, लग्नाची बोलणी थांबलेली असतात. आणि तिच्यातून बाहेर पडणं म्हणजे कबुली देणं. भाच्याला त्यांनी कधी "सोड आता" म्हटलं नाही. ते म्हणण्याचा अधिकार सरकारी पेन्शनवर जगणाऱ्या मामाला नाही, असं त्यांना वाटतं.

भाऊसाहेब 31 मे 2020 रोजी निवृत्त झाले. टाळेबंदी चालू होती. निरोप समारंभ नाही, नारळ नाही. पावसाच्या तोंडावर ते गावी गेले. मुंबईहून, पुण्याहून चुलतभाऊ, पुतणे, त्यांची बायकापोरं सगळे आधीच येऊन राहिले होते. कुणी हॉटेलात वेटर, कुणी रिक्षावाला, कुणी कुरिअरमध्ये. भाताची लावणी आली. ज्या दोन चोंढ्यांत चार माणसं पुरतात तिथे अकरा जण चिखलात उभे होते. आवण संपलं तरी कुणी बांधावर येईना, कारण बांधावर आलं तर दिसून आलं असतं की आपली गरज नव्हती. 1982 च्या पावसाळ्यात त्याच चोंढ्यात वडीलही असेच उभे होते. तेव्हा भाऊसाहेब वीस वर्षांचे होते आणि त्यांना ते काम वाटलं होतं.

छुपी बेकारी ती हीच. अकरातले सात काढून घेतले तरी भात तेवढंच येणार. त्या वर्षाचा सरकारी आकडाही हेच सांगतो. 2018-19 मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी 42.5 टक्के शेतीत होते. 2019-20 मध्ये ते 45.6 झाले आणि पुढच्या वर्षी 46.5. शेतीला बरकत आली म्हणून माणसं परत गेली नव्हती. शहराने बाहेर काढलेल्यांना घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. आणि यातला एकही जण बेकार म्हणून मोजला गेला नाही. सर्वेक्षणवाला आला असता तर अकराही जणांनी एकच उत्तर दिलं असतं: "शेती बघतो."

वडील हे पाहायला नव्हते. ते 2009 मध्ये गेले. त्यानंतर सरकारने गिरणी कामगारांकडून आणि वारसांकडून घरांसाठी अर्ज मागवले. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा हवा होता. तो लोखंडी ट्रंकेत निघाला. गिरणीचा पास, ईएसआयसीचं कार्ड, भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेलं. संपावर गेलेला माणूस परत कामावर जायच्या तयारीने कागद जपतो, तसं. राज्यभरातून सुमारे दीड लाख अर्ज आले. 2012 ची म्हाडाची सोडत निघाली ती 6,925 घरांची.

अर्ज आईच्या नावाने भरला आहे. ती आता नव्वदीकडे झुकली आहे. नंतरच्या प्रत्येक सोडतीची यादी भाऊसाहेब मोबाइलवर बघतात आणि तिला मोठ्याने वाचून दाखवतात. तिचं नाव अजून निघालेलं नाही.